बुटीक हॉटेलची रचना : उशीपासून रस्त्यापर्यंत

बुटीक हॉटेलचे काम हाती आले की बहुतेक रचनाकार पहिले रेखाटन लॉबीचे काढतात, कारण मालकाला दाखवायला तेच चित्र देखणे असते आणि पुढे छायाचित्रेही त्याचीच निघतात. माझी पहिली दोन कामे मीही अशीच सुरू केली होती. अनुभवाने पुढे क्रम उलटा झाला: आधी पलंगावर आडवा झालेला पाहुणा, मग त्याची खोली, मग खोल्यांचा मजला, आणि लॉबी व रस्त्याकडचे दर्शनी रूप सर्वांत शेवटी. पाहुणा लॉबीत दहा मिनिटे असतो आणि खोलीत दहा-बारा तास. त्यातले सात-आठ तास तो अंधारात डोळे मिटून पडलेला असतो, आणि त्या वेळी त्याच्यापर्यंत पोहोचतात ते केवळ आवाज, हवा, गादी आणि कुठून तरी झिरपणारा उजेड. हे चार बिघडले, तर लॉबीतल्या संगमरवराने काहीही भरून निघत नाही. या लेखातली मांडणीही त्याच उलट्या क्रमाने केली आहे.

‘बुटीक’ या शब्दाला सर्वमान्य व्याख्या नाही. साधारण दहापासून शंभरपर्यंत खोल्या, ठरीव साच्याचा अभाव आणि इमारतीला स्वतःचा चेहरा, एवढ्या खुणा बहुतेकांना मान्य असतात. लंडनमध्ये १९७८ साली अनुष्का हेम्पेल यांनी सुरू केलेले ब्लेक्स, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८१ साली बिल किम्प्टन यांनी चालवायला घेतलेले बेडफर्ड आणि न्यू यॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांनी उघडलेले मॉर्गन्स, ही या परंपरेची सुरुवातीची उदाहरणे मानली जातात. मॉर्गन्सची अंतर्गत रचना आंद्रे पुतमान यांनी केली. पैसा बेताचाच होता, म्हणून न्हाणीघरात त्यांनी स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी लाद्या बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या आणि तीच त्या हॉटेलची ओळख ठरली. नव्याने काम सुरू करणाऱ्याने हे उदाहरण जवळ ठेवावे. महाग वस्तू थोडीथोडी सगळीकडे पेरण्यापेक्षा साधी वस्तू एकाच ठिकाणी ठामपणे वापरली, तर ती लक्षात राहते.

आराखडा काढण्यापूर्वी

प्रथम हॉटेलचा विचार एका वाक्यात लिहून काढावा. हे वाक्य जाहिरातीचे नसावे. त्यातून निर्णय घेता आले पाहिजेत. ‘आधुनिक आणि उबदार’ असे लिहिल्याने दाराची मूठ कोणती घ्यावी हे ठरत नाही. ‘जुन्या छापखान्याची इमारत, तिथले लोखंड आणि कागद, बाकी सर्व शांत’ असे लिहिले, की मुठीपासून दिव्याच्या छटेपर्यंत निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात. मात्र विचार आणि देखावा यांत गल्लत करू नये. छापखान्याचा विचार म्हणजे भिंतीभर शिशाचे खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, चिकटवणे नव्हे. शांघायमधील वॉटरहाउस या १९ खोल्यांच्या हॉटेलात नेरी आणि हू या वास्तुरचनाकारांनी १९३० च्या दशकातील इमारतीचे जुने काँक्रीट झाकले नाही आणि नव्याने जोडलेला भाग गंजाच्या रंगाच्या कॉर्टेन पोलादात उभा केला. जुने आणि नवे कुठे भेटते ते उघड दिसते, आणि इतिहासाचे वेगळे प्रदर्शन मांडावे लागत नाही.

एकसूत्रतेचे टोकाचे उदाहरण कोपनहेगनमध्ये आहे. तेथील एसएएस रॉयल हॉटेल १९६० साली पूर्ण झाले; आर्ने याकोबसेन यांनी इमारतीबरोबर खुर्च्या, दिवे, काटे-चमचे आणि दारांच्या मुठीही स्वतः आखल्या. खोली क्रमांक ६०६ आजही त्या काळच्या रूपात जपलेली आहे. ते हॉटेल मोठे आहे आणि आज एवढे सगळे नव्याने घडवून घेणे बहुतेक मालकांना परवडणार नाही, पण एकच नजर सर्व वस्तूंवरून फिरली तर काय होते, हे तिथे समजते. याच्या उलट, २००५ साली उघडलेल्या माद्रिदच्या पुएर्ता अमेरिका हॉटेलात झाहा हदीद, नॉर्मन फॉस्टर अशा रचनाकारांना एकेक मजला दिला गेला. प्रदर्शन म्हणून ते रंजक आहे; तीस खोल्यांच्या हॉटेलाने मात्र त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाक्य ठरले की जागेवर एक रात्र काढावी. दिवसा केलेल्या पाहणीत रस्त्याची रुंदी, शेजारच्या इमारती आणि ऊन समजते. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात कचऱ्याची गाडी कुठे थांबते, शेजारच्या गच्चीवरचे वातानुकूलन यंत्र किती घरघरते, सिग्नलवरून सुटणाऱ्या वाहनांचा आवाज कितव्या मजल्यापर्यंत चढतो आणि समोरच्या जाहिरात फलकाचा उजेड कोणत्या भिंतीवर पडतो, हे समजते. ध्वनिमापक घेऊन प्रत्येक बाजूची आणि शक्य असल्यास प्रत्येक मजल्याची नोंद करावी. शांत बाजू कोणती, हे कळल्याशिवाय खोल्यांची तोंडे ठरवू नयेत. अनेकदा रस्त्याकडचा ‘देखावा’ विकण्याच्या नादात सर्वांत महाग खोल्या सर्वांत गोंगाटाच्या बाजूला जातात.

इमारत जुनी असेल तर मजल्याची उंची, तुळयांची खोली, स्लॅबची जाडी आणि सांडपाण्याच्या उभ्या नळांच्या जागा मोजून घ्याव्यात. यातही उंची सर्वांत निर्णायक असते. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३.१ मीटर असतील, तर १५ सेंटिमीटर स्लॅब आणि ५ सेंटिमीटर फरशी वजा जाता २.९ मीटर उरतात. खोलीच्या प्रवेशभागात २.३५ मीटरवर फॉल्स सीलिंग घेतले, तर वर ५५ सेंटिमीटर मोकळे मिळतात आणि त्यात वातानुकूलनाचे यंत्र, नळ व तारा बसतात, तर पलंगावरचे छत मात्र उंच ठेवता येते. मजला याहून बुटका असेल, तर यंत्रे कुठे जाणार याचे उत्तर पहिल्याच आठवड्यात शोधावे. ते पुढे ढकलले, तर शेवटी कंत्राटदार त्याच्या पद्धतीने ते शोधतो आणि पलंगावर एक खोके लटकू लागते.

खोलीचे माप

नव्या इमारतीत कॉलमचे अंतर खोलीवरून ठरवावे. खोली कॉलमवरून ठरवू नये. कॉलम ७.८ मीटरवर घेतले, तर मध्ये दोन खोल्या बसतात आणि २० सेंटिमीटर जाडीची भिंत वजा जाता प्रत्येकीला ३.७ मीटर मोकळी रुंदी मिळते. बाजूच्या भिंतीला डोके करून ठेवलेला पलंग शिरोभागासह २.१ मीटर घेतो, समोरचे टेबल ४५ सेंटिमीटर घेते, आणि मध्ये १.१५ मीटर वाट उरते. तिथून एक जण बॅग ओढत जाऊ शकतो आणि त्याच वेळी दुसरा खुर्चीत बसलेला असला तरी अडत नाही. हीच रुंदी ३.३ मीटर झाली, की वाट ७५ सेंटिमीटरवर येते आणि खुर्ची मागे सरकवली की संपते. नकाशावर हे ४० सेंटिमीटर क्षुल्लक दिसतात. म्हणूनच नकाशावर उघडलेली बॅग, मागे सरकवलेली खुर्ची आणि उघडे दार हे तिन्ही काढून पाहावेत; रिकाम्या खोलीचा नकाशा नेहमीच प्रशस्त वाटतो.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना किमान ६० सेंटिमीटर जागा सोडावी. जागा फारच कमी असेल तर सिटिझनएम या हॉटेलांनी रूढ केलेला मार्ग आहे: सुमारे १४ चौरस मीटरच्या खोलीत खिडकीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत पलंग. खिडकीला लागून झोपण्याची ही कल्पना पाहुण्यांना आवडते. तसाच पलंग मी एका कामात वापरला तेव्हा नमुना खोली पाहून हाउसकीपिंगच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला बोलावले आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही एकदा स्वतः या गादीवर चादर घालून दाखवा.” मी गादीवर गुडघे टेकून, भिंतीला गाल लावून, पलीकडचा कोपरा खोचायचा प्रयत्न केला, तो खोचला गेला तोवर अलीकडचा सुटला होता. त्यानंतर पलंगाचा सांगाडा रुळांवर पुढे सरकेल असा केला, आणि गादी-चादरीचा निर्णय घेताना त्या बाईंना बैठकीला बोलावण्याचा नियम केला.

दोन शेजारच्या खोल्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या आखाव्यात, म्हणजे न्हाणीघराला न्हाणीघर लागते, दोघांत नळांसाठीची एकच उभी पोकळी, म्हणजे शाफ्ट, पुरते, आणि पलंगाच्या डोक्याशी शेजारचा टीव्ही किंवा शौचकूप येत नाही. शाफ्टचे दार व्हरांड्यातून उघडावे, जेणेकरून गळती दुरुस्त करायला पाहुण्याच्या खोलीत शिरावे लागणार नाही. याशिवाय किमान एका खोलीचे, आणि स्थानिक नियम अधिक सांगत असतील तर तितक्या खोल्यांचे, माप चाकाच्या खुर्चीवरून सुरू करावे: दाराची मोकळी रुंदी ८५ ते ९० सेंटिमीटर, खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ, आणि उंबरा नसलेली शॉवरची जागा. अशी खोली मजल्याच्या टोकाशी उरलेल्या जागेत ढकलू नये.

आवाज

या विषयावर मी मुद्दाम अधिक लिहितो आहे, कारण पाहुण्यांच्या तक्रारींत हाच विषय पुन्हा पुन्हा येतो आणि हॉटेल उघडल्यावर दुरुस्त करायला हाच सर्वांत अवघड असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबल आणि अचानक होणारा एकेक आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. शहरातल्या रस्त्यावर रात्रीही ६५-७० डेसिबल सहज भरतात. म्हणजे खिडकीने ३५ ते ४० डेसिबल अडवले पाहिजेत, आणि साधी सरकती खिडकी तेवढे कधीच अडवत नाही. दोन काचांची बंद खिडकी घ्यावी, दोन्ही काचांची जाडी वेगळी ठेवावी, उदाहरणार्थ एक ६ मिलिमीटरची आणि दुसरी १० मिलिमीटरची, म्हणजे दोघी एकाच पट्टीतल्या आवाजाला दुबळ्या ठरत नाहीत. जुन्या इमारतीत मूळ खिडकी जपायची असेल, तर तिच्या आत १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर दुसरी स्वतंत्र खिडकी बसवावी. बारा मिलिमीटर पोकळीच्या साध्या जोडकाचेपेक्षा ती वाहनांचा आवाज चांगला अडवते आणि बाहेरून इमारतीचे रूपही बदलत नाही.

खोलीखोलीतल्या भिंतीबाबत नियम असा की भिंतीचे वजन दुप्पट केले तरी फायदा पाच-सहा डेसिबलचाच होतो, पण फट ठेवली तर तोटा अमाप होतो. भिंतीच्या क्षेत्रफळाचा अवघा एक टक्का भाग उघडा राहिला, तर ५० डेसिबल अडवणारी भिंत जेमतेम २० डेसिबल अडवते. या एक टक्क्याची ठिकाणे ठरलेली आहेत. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड हे पहिले. ते किमान ६० सेंटिमीटर बाजूला सरकवावेत. वातानुकूलनाचा नळ भिंतीतून जातो तिथली मोकळी कड हे दुसरे. तिसरे आणि सर्वांत घातक म्हणजे फॉल्स सीलिंगपर्यंतच नेऊन थांबवलेली भिंत. एका कामात कंत्राटदाराने अकरा खोल्यांच्या भिंती अशा थांबवल्या होत्या आणि वरचा भाग झाकला गेल्यामुळे कोणाच्याही लक्षात आले नाही. पलीकडच्या खोलीतला माणूस खोकला तेव्हा माझ्याबरोबर उभ्या असलेल्या मालकाने त्याला ‘गॉड ब्लेस यू’ म्हटले आणि पलीकडून ‘थँक यू’ आले. तेव्हापासून सीलिंग झाकण्यापूर्वी प्रत्येक भिंत स्लॅबला टेकली आहे, असे छायाचित्र मागून घेतो आणि त्याशिवाय बिल मंजूर करत नाही.

व्हरांड्याकडचे दार भरीव लाकडाचे असावे, चौकटीला रबरी पट्टी असावी, आणि तळाशी दार बंद होताच खाली उतरणारी सीलपट्टी असावी. दाराखालच्या एक सेंटिमीटर फटीतून केवळ बोलणेच येत नाही, उजेडाची रेघही येते. चाकांच्या बॅगा ज्या फरशीवरून जातात तिथे लादीपेक्षा गालिचा बरा. लादीच हवी असेल तर तिचे सांधे अगदी बारीक ठेवावेत आणि खाली आवाज शोषणारा थर घालावा. लिफ्टच्या भिंतीला पलंग कधीही लावू नये. तिथे कपड्यांची खोली, जिना किंवा शाफ्ट ठेवावा. सांडपाण्याच्या नळाला खनिज लोकर गुंडाळावी आणि त्याचे क्लॅम्प झोपण्याच्या भिंतीत ठोकू नयेत, नाहीतर पहाटे पाचला वरच्या मजल्यावरचा पाहुणा उठला हे खाली सर्वांना कळते.

उजेड आणि अंधार

लुत्सर्नच्या ‘द हॉटेल’ या २५ खोल्यांच्या हॉटेलात झाँ नुव्हेल यांनी २००० साली भिंती जवळपास कोऱ्या ठेवल्या आणि प्रत्येक खोलीच्या छतावर चित्रपटातील एकेक मोठे दृश्य लावले. आडव्या माणसासमोर छतच असते, हे इतक्या सरळपणे ओळखलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. तेवढी हौस नसली तरी छताचा नकाशा पलंगावर पडून काढावा, इतके तरी त्यातून घ्यावे: उशीच्या बरोबर वर दिवा नको, हवेची जाळी नको, आणि तपासणीचे झाकणही नको.

खोलीत तीन प्रकारचा उजेड हवा: वावरण्यापुरता पसरट, वाचण्यापुरता नेमका, आणि रात्री उठल्यावर पायापुरता. दिव्यांची रंगछटा उबदार पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवावी आणि एका खोलीत दोन छटा मिसळू नयेत. रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० किंवा अधिक असलेले दिवे घ्यावेत, नाहीतर लाकूड राखाडी आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. न्हाणीघरात आरशाच्या वर एकच दिवा दिला, तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे द्यावेत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर मंद दिवा असावा, आणि तो पाय खाली ठेवताच लागणारा असेल तर उत्तम.

स्विचबद्दल माझा आग्रह थोडा जुनाट वाटेल. पलंगाच्या दोन्ही बाजूंना तीनच कळा असाव्यात: वाचायचा दिवा, खोलीचे दिवे आणि ‘सर्व बंद’. स्पर्शाने चालणाऱ्या चकचकीत काचेच्या पट्ट्या दिसायला सुबक असतात, पण अंधारात बोटाला त्यांवर काहीच लागत नाही, आणि पाणी प्यायला उठलेला माणूस सगळी खोली उजळून जोडीदाराला जागे करतो. उठाव असलेली, दाबल्यावर टक् होणारी कळ निवडावी आणि तिचे स्थान गादीच्या वरच्या कडेपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीवर, उशीवरून हात पोहोचेल असे ठेवावे. चार्जिंगचा पॉइंटही तिथेच असावा. पलंगाखाली वाकून प्लग शोधणारा पाहुणा सजावटीचे कौतुक करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

अंधाराची आखणी उजेडाइतकीच काटेकोर करावी लागते. जाड पडदा खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटिमीटर पुढे जावा, मध्ये दोन पल्ले एकमेकांवर चढावेत, आणि वरची फट झाकणारी खोबण छतातच ठेवावी.

न्हाणीघर

झोपण्याची खोली आणि न्हाणीघर यांमध्ये पारदर्शक काच घालण्याची प्रथा अजून टिकून आहे. ती छायाचित्रासाठी उपयोगी आहे. दोन मित्र, आई आणि मुलगा, किंवा एकमेकांना फार न ओळखणारे दोन सहकारी एका खोलीत उतरतात तेव्हा त्यांच्यासाठी ती शिक्षा ठरते. उजेड आत न्यायचा असेल तर दुधी काच किंवा उंचावरची पट्टी पुरते. शौचकुपाला मात्र भरीव भिंत आणि खरे, कड्या-बिजागरांचे दार हवेच. वरून टांगलेल्या सरकत्या दाराला चारही बाजूंनी फट असते, हे विसरू नये.

शॉवरची जागा ९० सेंटिमीटर चौरसापेक्षा लहान करू नये. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे दर मीटरला १५ ते २० मिलिमीटर उतार द्यावा. मोठ्या आकाराच्या लाद्या अशा उतारावर नीट बसत नाहीत, म्हणून शॉवरखाली छोट्या लाद्या घ्याव्यात, त्यांच्या जास्त सांध्यांमुळे पायही कमी घसरतो. लादी बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर ४८ तास पाणी साठवून खालच्या मजल्याचे छत तपासावे, आणि हे प्रत्येक न्हाणीघरात करावे. नमुन्यादाखल दोन-तीन तपासून समाधान मानू नये. लाद्यांमधला भराव पांढरा घेऊ नये. गरम पाणी ६० अंशांवर साठवून फिरत्या नळातून न्यावे, म्हणजे साठ्यात जिवाणू वाढत नाहीत आणि टोकाच्या खोलीतही नळ उघडल्यावर मिनिटभर थंड पाणी सोडून द्यावे लागत नाही. नळावर मात्र तापमान मर्यादित करणारी झडप असावी.

न दिसणारी जागा

छोट्या हॉटेलात सर्वाधिक काटछाट सेवेच्या जागेत होते. प्रत्येक मजल्यावर चादरींची खोली हवी आणि तिच्यात हाउसकीपिंगची ट्रॉली पूर्ण आत जाऊन दार बंद झाले पाहिजे. अन्यथा ती दिवसभर व्हरांड्यात उभी राहते आणि मोठ्या कष्टाने आखलेल्या व्हरांड्याचे गोदाम होते. चादरी-टॉवेलांचे किमान तीन संच धरावेत, एक खोलीत, एक धुलाईत, एक फडताळात, आणि फडताळांचे माप त्यावरून काढावे. मळके कपडे व कचरा पाहुण्यांच्या लिफ्टने खाली जाऊ नयेत. जागेअभावी एकच लिफ्ट असेल तर निदान तिला मागून दुसरे दार द्यावे. खोलीतल्या वातानुकूलन यंत्राखाली ६० सेंटिमीटर चौरसाचे झाकण ठेवावे, त्याच्या पाण्याच्या नळाला नीट उतार द्यावा, आणि थंड झोत उशीवर पडणार नाही अशी जाळी लावावी. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग, आपोआप बंद होणारी दारे आणि दिशादर्शक फलक यांबाबत स्थानिक नियम पहिल्या दिवशीच वाचावेत; सजावटीत बसत नाही म्हणून बाणाचा दिवा झाकणारे रचनाकार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी माझे पटलेले नाही.

व्हरांडा, लॉबी आणि रस्ता

व्हरांड्याची रुंदी दीड ते १.८ मीटर पुरते. लांबट बोगद्यासारखे वाटू नये म्हणून खोल्यांची दारे तीस-चाळीस सेंटिमीटर आत घ्यावीत, दारापाशी थोडा अधिक उजेड आणि मध्ये थोडा कमी ठेवावा, आणि शक्य असेल तिथे टोकाला खिडकी द्यावी. बाहेरचे आकाश दिसले की दिशा आपोआप कळते.

लॉबीत येणाऱ्याला तीन गोष्टी न विचारता दिसाव्यात: कोणाशी बोलायचे, लिफ्ट कुठे, बसायचे कुठे. उंच काउंटर लागतेच असे नाही. बसून नोंद करता येईल असे टेबल छोट्या हॉटेलाला शोभते. मात्र त्यामागे छापयंत्र, किल्ल्या आणि कागद लपवायला दार असलेली एक छोटी खोली हवी, आणि खोली तयार होण्याआधी आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला वेगळी जागा हवी. वीस खोल्यांच्या हॉटेलात एखाद्या सकाळी पंधरा बॅगा सहज जमतात, आणि जागा नसेल तर त्या त्याच देखण्या सोफ्याभोवती उभ्या राहतात. उपाहारगृहाला रस्त्यावरून स्वतंत्र दार द्यावे. वस्तीतली माणसे तिथे येऊ लागली की हॉटेलाला रोजचे उत्पन्न आणि गजबज मिळते. त्याची धुराडी, खुर्च्या ओढण्याचा आवाज आणि मालवाहू गाड्या मात्र खोल्यांच्या शांत बाजूला येणार नाहीत, हे नकाशातच पाहावे. दर्शनी भाग शेवटी येतो, आणि आतल्या खिडक्या, सावली व आवाज यांचा हिशोब झालेला असल्यामुळे तो बराचसा आपोआपच आखला जातो.

नमुना खोली आणि त्यानंतर

सर्व खोल्यांच्या वस्तूंची मागणी देण्यापूर्वी एक खोली पूर्ण उभी करावी, आणि ‘पूर्ण’ म्हणजे पाणी, वीज, पडदे, गादी, कुलूप यांसह. कापड निवडताना मार्टिनडेल या झीज मोजणाऱ्या चाचणीत किमान ४० हजार घर्षणे टिकणारे घ्यावे. बॅग ठेवण्याच्या चौरंगामागची भिंत आणि दाराजवळचे कोपरे यांना रंगाऐवजी लाकूड, धातू किंवा धुता येणारे आवरण द्यावे. मग त्या खोलीत रचनाकाराने स्वतः एक रात्र राहावे.

माझ्या एका नमुना खोलीत दिवे मालवून मी आडवा झालो तेव्हा बरोबर डोळ्यांच्या रेषेत धूरशोधकाचा हिरवा ठिपका दर काही सेकंदांनी लुकलुकत होता. टीव्हीखाली तांबडा ठिपका होता, तापमानाच्या पट्टीवर निळे आकडे होते, चार्जिंगच्या पॉइंटला पांढरा दिवा होता आणि दाराखाली पिवळी रेघ होती. दिवसा सहा जणांनी त्या खोलीची पाहणी केली होती आणि कोणालाही यांतले एकही दिसले नव्हते. धूरशोधकाची जागा अग्निसुरक्षेच्या नियमांत राहून पलंगाच्या पायाकडे सरकवली, आकडे आपोआप विझणारी पट्टी घेतली, पॉइंट बदलले आणि दाराला सीलपट्टी लावली; चोवीस खोल्यांची मागणी अजून गेली नव्हती, म्हणून हे सर्व एका दुपारच्या पत्रव्यवहारात झाले.

काम सोपवताना प्रत्येक लादीचा, कापडाचा आणि व्हीनिअरचा थोडा जादा साठा, रंगांचे क्रमांक आणि दिव्यांची नेमकी मापे एका फाइलमध्ये मालकाकडे द्यावीत. सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन एक रात्र राहावे. त्या वेळी जमिनीपासून हातभर उंचीवरच्या भिंतींचे कोपरे, पलंगाच्या शिरोभागावर डोके टेकते ती जागा आणि शॉवरच्या कोपऱ्यातला भराव एवढ्या तीन ठिकाणी टॉर्च धरून पाहावे, आणि सकाळी हाउसकीपिंगच्या माणसांबरोबर एक खोली तयार होताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहावे. पुढच्या हॉटेलच्या साहित्याची यादी त्या दोन पाहण्यांतून तयार होते.